पट्टी शाबूत आहे काय?

आमच्या हॉलमध्ये शिडी खांद्यावर घेऊन येणारा माणूस एकच होता, आणि तो दारात दिसला की टकटक टाइप करायची थांबायची. टकटक म्हणजे आमची टंकलेखिका. जुनं मशीन जाऊन कॉम्प्युटर आला तरी तिचं नाव बदललं नाही, कारण आवाज मुळात बोटांतून कमी आणि जिभेतून जास्त यायचा. "आले गं तुझे शिडीवाले," असं ती शेजारच्या टेबलाकडे न बघता म्हणायची, आणि त्या टेबलावरच्या बाई नोंदवहीत डोकं आणखी खाली घालायच्या.

त्या आवकबाई. कार्यालयात येणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्या हातात. तारीख, क्रमांक, कुणाकडून, कशाबद्दल, आणि शेवटी शेरा. पाकीट फाटलेलं असेल तर 'फाटलेले प्राप्त', तिकीट नसेल तर 'विनातिकीट'. साहेबांचं पत्र असलं तरी शेरा सुटायचा नाही. जाणारे कागद माझ्याकडे, म्हणून मी जावक. टेबलं जोडून होती. तेव्हा पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि उरलेलं टकटककडून ऐकलेलं. टकटककडचं जास्त सविस्तर असतं.

शिडीवाल्याला सगळे पट्टीवाले म्हणत. इमारत देखभाल विभागात तांत्रिक सहायक. उंच, जरा वाकलेले, खिशाला कायम पांढरी बोटं पुसलेली. आमच्या हॉलच्या छताला जी मोठी तुळई होती, तिच्यावर खांबाजवळ एक तिरकी भेग होती. त्या भेगेवर आडवी अशी बोटभर रुंद, वीतभर लांब काचेची पट्टी लावलेली असे, दोन्ही टोकांना प्लॅस्टरचा गोळा थापून. काच ताणली जात नाही. भेग केसभर जरी उघडली तरी काच तडकते. तडकली नाही तर भेग झोपलेली आहे, तडकली तर ती चालते आहे. इतकी साधी युक्ती. आणि ती पट्टी बघायला दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पट्टीवाले यायचे.

पहिली तीन वर्षं सोमवारीच यायचे. मग बुधवारी पण यायला लागले. मग शुक्रवारी.

"काय हो, भेग फारच चालायला लागली वाटतं?" टकटकने एकदा शिडीखालून विचारलं.

"नाही, शाबूत आहे."

"मग?"

"खात्री करायला आलो."

"झाली का खात्री? की खाली उतरून करणार?"

पट्टीवाल्यांचा कान लाल झाला. आवकबाईंनी त्या दिवशी एकाच पत्राला दोन क्रमांक दिले, ही त्यांच्या आयुष्यातली एकमेव चूक, आणि ती खोडून त्यांनी शेरा मारला, 'लक्ष विचलित'. कशाने, ते लिहिलं नाही. लिहायची गरजही नव्हती. तेव्हा ते सेहेचाळीसचे आणि त्या चाळीसच्या. दोघांच्याही घरच्यांनी नाद सोडून दिलेला. लग्न रजिस्टर झालं, सह्या करताना आवकबाईंनी तिथल्या कारकुनाची तारीख दुरुस्त केली म्हणतात. साक्षीदार टकटक, मी आणि आमचे हेडक्लार्क.

लग्नानंतर ते पुन्हा फक्त पहिल्या सोमवारी यायला लागले. यावरही आम्ही हसलोच.

आता त्या पट्टीबद्दल. हे सगळं मला नंतर कळलं, पण सांगायला हवं इथेच.

पट्टीवाल्यांना हे काम शिकवलं त्यांच्या आधीच्या माणसाने. त्याला उस्ताद म्हणत. उस्तादाने हातात एक छापील नोंदवही दिली. पानावर सूचना दोनच. पहिली: पट्टी तुटली असल्यास त्वरित बदलावी. दुसरी: त्यानंतर नोंद करावी. आणि खाली रकाना: 'पट्टी शाबूत आहे काय? होय / नाही.'

सूचना ज्या क्रमाने छापल्या त्या क्रमाने माणूस काम करतो. पहिली पट्टी सहा वर्षांनी तुटली. पट्टीवाल्यांनी शिडीवरून तुकडे काढले, नवी काच लावली, हात पुसले, वही उघडली. पट्टी शाबूत आहे काय? वर बघितलं. शाबूतच होती, नवीकोरी होती. तरी त्यांनी इमानाने 'नाही' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी उपअभियंत्यांनी बोलावलं. त्यांना आम्ही चालतंयसाहेब म्हणायचो, का ते सांगायला नको.

"हे 'नाही' काय आहे?"

"साहेब, तुटली होती."

"बदललीत ना?"

"बदलली."

"मग आत्ता शाबूत आहे ना?"

"आहे."

"मग होय लिहा की! वरून विचारतात, मला उत्तरं द्यावी लागतात. चालतंय ना सगळं? मग झालं तर."

'नाही' खोडरबराने पुसून 'होय' झालं. त्यानंतर आणखी चार पट्ट्या तुटल्या. चारही वेळा पट्टीवाल्यांनी आधी बदललं आणि मग खरं तेच लिहिलं: होय. पट्टीवाले लबाड नव्हते. मी लबाड माणसं ओळखतो, माझं अर्धं आयुष्य त्यांची पत्रं पाठवण्यात गेलंय. हे नुसते दमलेले होते. त्यांच्याकडे अशा एकोणतीस इमारती होत्या, एक शिडी आणि एक सायकल. पहिल्यांदा तुटली तेव्हा रात्रभर डोक्यात राहिली, दुसऱ्यांदा संध्याकाळपर्यंत, पाचव्यांदा त्यांनी ती नळाचा वॉशर बदलावा तशी बदलली. चालतंयसाहेबांना तोंडी सांगायचे मात्र दर वेळी. साहेब मान हलवायचे. तोंडी सांगितलेल्याला आवक क्रमांक नसतो.

आणि आमच्या डोक्यावर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावर, होता अभिलेख कक्ष. ती जागा बांधली होती टेबलं मांडून माणसं बसायला. माणसं गेली, फायली आल्या. कागद माणसाला हलका वाटतो, कारण तो एक एक करून उचलतो. भिंतीएवढ्या लोखंडी मांडण्या, त्यात खच्चून गठ्ठे, दर वर्षी नवी मांडणी. कुठल्याही माणसाला फाईल फाडून टाकायची हिंमत नव्हती; उद्या कुणी मागितली तर? त्या भीतीचं सगळं वजन आमच्या तुळईवर होतं. खाली आम्ही एकतीस जण.

पट्टीवाल्यांच्या निवृत्तीला सहा महिने उरले असताना शेजारच्या गावातली बातमी आली. त्याच नकाशावरून, त्याच साली बांधलेलं तिथलं कार्यालय. एका रविवारी भरदुपारी त्याचा दुसरा मजला फायलींसकट पहिल्यावर बसला. सुट्टी होती म्हणून कुणी मेलं नाही. वॉचमन जागेवर नव्हता म्हणून वाचला, आणि जागेवर नव्हता म्हणून त्याला नोटीस आली.

आठवडाभर आम्ही दुसरं काही बोललो नाही. छताकडे बघून टकटक म्हणाली, "आपलं बरंय बाई, आपल्याला घरचा माणूस आहे." आवकबाई हसल्या. ती तुळई बरोबर त्यांच्या टेबलावरून जात होती.

तीन आठवड्यांनी चालतंयसाहेब हॉलमध्ये आले आणि टाळी वाजवून म्हणाले की पडलेल्या कार्यालयाच्या फायली ढिगाऱ्यातून काढल्यात, त्या गुरुवारी तीन ट्रकमधून येतील आणि आपल्या वरच्या मजल्यावर ठेवायच्या. "तिकडचं नशीब खराब. आपली इमारत ठणठणीत आहे. चौदा वर्षांची नोंद आहे, एकही 'नाही' नाही. त्याच दिवशी तिकडच्या चौकशीच्या बाई पण येतायत, त्यांनाही बघू दे."

आवकबाईंनी हे संध्याकाळी घरी सांगितलं. पुढचा संवाद टकटककडून आलेला आहे, पण आवकबाईंनी तिला शब्दशः सांगितला असणार, कारण त्यांना दुसरं येतच नाही.

पट्टीवाले चहा गाळत होते. ट्रकचं ऐकून गाळणी तशीच धरून उभे राहिले.

"अहो, सांडतोय चहा."

"तू गुरुवारी रजा टाक."

"का?"

"टाक म्हणतोय ना."

"रजेच्या अर्जात कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

मग त्यांनी गाळणी ठेवली आणि सांगितलं.

"किती वेळा तुटली?"

"पाच."

"आणि मी तिच्याखाली बसते."

"हो."

"आणि रोज सकाळी निघताना तुम्ही मला विचारता, गॅस बंद केलास का."

पट्टीवाले खुर्चीवर बसले.

"अगं, सांगितलं तर मलाच धरतील. सही माझी आहे. साहेब म्हणतील मला माहीतच नाही. पाच महिने राहिलेत. मी थकलोय गं."

"आणि माझ्या रजेचं काय? गुरुवारची टाकली, शुक्रवारी कोण बसणार? टकटक बसणार. तो जावक बसणार. सगळ्यांना रजा देताय?"

"तो जावक गेला तर फार बिघडणार नाही," असं पट्टीवाले म्हणाले, असं टकटक सांगते. हे तिचं पदरचं असावं.

दोन दिवस त्या घरात कुणी कुणाशी बोललं नाही. डबा मात्र भरलेला असायचा, दोघांचाही.

गुरुवारी सकाळी चौकशीच्या बाई आल्या. आम्हाला वाटलं होतं कुणी भारदस्त असतील. तिशीची मुलगी, कपाळावर हेल्मेटचा वळ, बुटांवर ढिगाऱ्याची धूळ, डोळ्यांखाली तीन आठवड्यांचं जागरण. चहा विचारला तर म्हणाल्या, "उभ्यानेच द्या, बसले तर झोपेन." चालतंयसाहेबांनी नोंदवही पुढे केली. त्यांनी चौदा वर्षं भराभरा चाळली.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "तिकडचीही अशीच होती."

"म्हणजे?"

"सगळे होय. पहिल्या सोमवारी होय, तिसऱ्या रविवारी मजला खाली. मला तेच कळत नाहीये. काच आधी जाते, इमारत नंतर. काच शाबूत राहून इमारत पडली असं होऊच शकत नाही. खोटं लिहायचं तर कुणी एखादं तरी 'नाही' लिहून ठेवेल, खरं वाटावं म्हणून. हे खोट्यासारखं दिसत नाही. पट्टी कोण लावतं?"

पट्टीवाले शिडीजवळच उभे होते. त्या वर चढल्या, हे दुसऱ्या बाजूच्या टेबलावर. टेबल आवकबाईंचं, त्यांनी नोंदवह्या उचलून छातीशी धरल्या. हॉलमध्ये एकतीस माणसं मन लावून काम करत होती, म्हणजे एकही करत नव्हतं.

"ही कधीची?"

"सात आठवड्यांपूर्वीची."

"आणि आधीची?"

पट्टीवाल्यांनी खाली बघितलं. चालतंयसाहेबांकडे नाही, बायकोकडे. आवकबाई नोंदवह्या धरून सरळ समोर बघत होत्या. सांगा पण नाही आणि नका पण नाही.

"आधीची तुटली," ते म्हणाले. "तिच्या आधीच्या चारही."

"नोंदीत नाही."

"बदलल्यावर नोंद करायची असते. वर छापलंय तसं. बदलल्यावर शाबूतच असते."

बाई शिडीवरून खाली वाकल्या. मग त्यांनी वही मागितली, ती दोन ओळींची सूचना वाचली आणि म्हणाल्या, "अरे देवा." रागाने नाही. तीन आठवडे जे शोधावं ते इतकंसं निघावं, तशा. "तिकडेही हेच छापलंय."

"मॅडम, पण चालतंय ना आता..." चालतंयसाहेबांनी तोंड उघडलं.

पट्टीवाल्यांनी खिशातून खरवडणी काढली आणि भेगेच्या बाजूचा रंग खरवडला. रंगाखाली जुन्या प्लॅस्टरचे गोळे निघाले, भेगेच्या एका अंगाला पाच, दुसऱ्या अंगाला पाच, एकाखाली एक. आणि मग त्यांचा हात थांबला. बाईंनी टॉर्च मारली. सध्याच्या पट्टीवर, बरोबर मधे, एक रेघ होती.

"पहिल्या सोमवारी नव्हती," पट्टीवाले हळूच म्हणाले. "शपथेवर सांगतो, नव्हती."

"मानते. बदलू नका. आधी लिहा."

टेबलावर उभ्याउभ्याच त्यांनी 'नाही' लिहिलं.

"आता जुन्या तारखा हव्यात," बाई म्हणाल्या. "पाच आहेत की पन्नास, यावरून काही ठरत नाही. एक कधी गेली, दुसरी कधी, मधे किती काळ, त्यावरून ठरतं."

"तारीख काचेवर लिहितो," पट्टीवाले म्हणाले. "तुटली की काच केरात."

इथे टकटकला राहवलं नाही. "अहो पण चौथी मला आठवते ना! हेडक्लार्क केस काळे करून आले होते त्या दिवशी, आणि वरून पांढरा गोळा पडला बरोबर डोक्यावर! सगळा हॉल हसला." हेडक्लार्कांनी चष्मा पुसायला घेतला. "आणि दुसरी माझ्या मशीनमध्ये पडली, 'र' अडकायला लागला."

"ती दुसरी नाही, तिसरी," कोपऱ्यातून कुणीतरी. "दुसरीच्या वेळी लिफ्ट बंद होती, यांनी शिडी जिन्यावरून आणली."

"तारखा सांगा," बाई म्हणाल्या. "तारखा." त्याच्यापुढे आमची गाडी अडली. दहा वर्षांचं सगळ्यांचं सगळं आम्हाला माहीत होतं, तारीख मात्र एकाचीही नाही.

आवकबाईंनी छातीशी धरलेल्या वह्या टेबलावर ठेवल्या आणि न बोलता कपाटाकडे गेल्या. खालच्या कप्प्यातून जुन्या आवक नोंदवह्या काढल्या. प्लॅस्टर काही एकट्या हेडक्लार्कांवर पडलं नव्हतं, दर वेळी त्यांच्या टेबलावरच्या टपालावरही पडलं होतं. आणि त्यांच्या टपालाला शेरा सुटत नसे. अर्ध्या तासात पाच नोंदी सापडल्या, सगळ्या एकाच अक्षरात: 'पत्र प्राप्त झाल्यावर छतातील काम चालू असता डागाळले.' तारखेसह. पाचातलं एक पत्र चालतंयसाहेबांचंच होतं.

नवऱ्याने चौदा वर्षं त्या तुळईबद्दल 'होय' लिहिलं, आणि बायको खाली बसून त्याच तुळईची खरी नोंद ठेवत होती. दोघांनाही ठाऊक नव्हतं.

बाईंनी कागदावर आकडे मांडले. पहिली पट्टी टिकली सहा वर्षं. दुसरी चार. तिसरी अडीच वर्षं. चौथी चौदा महिने. पाचवी पाच महिने. सहावी सात आठवडे, तेही पुरते नाहीत.

त्यांनी आकड्यांकडे एकदाच बघितलं. "हॉल रिकामा करा. आत्ता. कागद राहू द्या, माणसं बाहेर."

"ट्रक निघालेत, मॅडम," चालतंयसाहेब म्हणाले.

"परत पाठवा. आणि तुमच्या डोक्यावरच्या फायलीही खाली आणायच्या. मधली उभी भेग असती तर म्हटलं असतं सावकाश आणा. खांबाजवळची तिरकी भेग फार वेळ देत नाही."

आम्ही जिन्याने उतरलो. टकटक पर्स विसरली म्हणून परत वर निघाली, तिला पट्टीवाल्यांनी दंडाला धरून खाली आणलं. त्या माणसाने कुणाला हात लावलेला मी तेव्हाच पाहिला.

असं झाल्यावर लोक आभार मानतात असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही कार्यालयात नोकरी केलेली नाही. पहिल्या आठवड्यात मानले. दुसऱ्या आठवड्यात आम्ही जिन्याखाली, व्हरांड्यात, सायकल स्टँडच्या पत्र्याखाली बसून काम करत होतो. माझं जावक टेबल स्वच्छतागृहाच्या दारासमोर आलं. फायली उतरवायला दोन महिने लागले. तुळईला खालून लोखंडी टेकू लावले. टेकू लावल्यावर ती एक सूतही हलली नाही. आणि मग कुजबुज सुरू झाली.

"काही झालं नसतं हो. पन्नास वर्षांची इमारत."

"म्हाताऱ्याने जाता जाता कामाला लावलं सगळ्यांना."

ही शेवटची कुजबुज माझीही होती, खोटं कशाला सांगू. दारासमोर बसून बघा तुम्ही.

चौकशी लागली. सही पट्टीवाल्यांची होती, त्यामुळे तीही पट्टीवाल्यांनाच. चालतंयसाहेबांनी लेखी दिलं की आपल्याला कधीही कळवण्यात आलं नाही, आणि लेखी कळवलेलं खरंच काही नव्हतं. त्या चौकशीच्या बाईंनी मात्र अहवालात चूक माणसाची कमी आणि छापील पानाची जास्त असं लिहिलं, आणि नोंदवही बदलून घेतली. आता आधी नोंद, मग बदल. 'होय-नाही' काढून टाकलं. भेग किती रुंद ते मोजून आकडा लिहायचा, मागची पट्टी कधी गेली ती तारीख लिहायची, आणि तुटलेली काच पाकिटात घालून अभियंत्याकडे पाठवायची, पाकिटाला आवक क्रमांक. या शेवटच्या सूचनेसाठी बाई आवकबाईंच्या टेबलाशी, म्हणजे जिन्याखाली, तासभर बसल्या होत्या. पाच पानं शेरे त्यांनी उतरवून नेले. पट्टीवाल्यांनाही त्यांनी एक काम दिलं: उरलेल्या अठ्ठावीस इमारतींत रंग खरवडून जुने गोळे मोजून द्या. सायकलवरून ते चार महिने हेच करत फिरले. तीन ठिकाणी मिळाले. एक शाळा होती.

निरोपसमारंभ झाला नाही. चौकशी चालू असलेल्याचा करत नाहीत. शेवटच्या दिवशी त्यांनी शिडी भांडारात जमा केली, पावती घेतली आणि जिन्याखाली बायकोची वाट बघत उभे राहिले. मी आणि टकटक तिथेच होतो.

"काय हो," टकटक म्हणाली. चिडवायचंच होतं तिला, पण आवाज तसा आला नाही. "खरं सांगा. पडली असती का?"

"माहीत नाही."

"अंदाजाने?"

"टेकू लागले, फायली गेल्या. आता कळायचा मार्ग नाही." त्यांनी खिशातला रुमाल काढून घाम पुसला. "लोक बरोबरही म्हणत असतील."

आवकबाईंनी वही मिटली, ड्रॉवरला कुलूप लावलं, पायातल्या चपला सारख्या केल्या. जिन्याखालच्या ओलीने त्यांचे गुडघे धरले होते, उठायला त्यांना वेळ लागायचा. पट्टीवाल्यांनी हात पुढे केला.

"मी बाई विचारणार नाही," त्या उठताना टकटकला म्हणाल्या. "मला कळून घ्यायचंच नाही. चला हो."

दोघं फाटकाकडे निघाली. सायकल हातात धरून ते, आणि त्यांच्या बाजूने त्या, सावकाश, कारण गुडघे.